वचनभंग आणि रसभंग : एका ॲनिमे मालिकेच्या उत्तरपर्वाविषयी

निराशा ही समीक्षेच्या परिभाषेत सहजी बसणारी संज्ञा नाही. कलाकृती विस्कळीत आहे, तिचा शेवट कृत्रिम आहे, असे म्हणता येते. ही विधाने कलाकृतीविषयीची असतात. 'या कलाकृतीने निराशा केली' हे विधान मात्र आस्वादकाच्या मनःस्थितीविषयीचे वाटते, आणि म्हणून समीक्षक ते सौजन्यापुरते उच्चारून पुढे जातो. तथापि भागाभागाने, वर्षावर्षांच्या अंतराने प्रकट होणाऱ्या कथनाच्या संदर्भात या शब्दाला निराळे वजन येते. तेथे निराश झालेल्या प्रेक्षकाला 'हे आवडले नाही' यापेक्षा अधिक काही म्हणायचे असते. आपल्याला दिलेला शब्द पाळला गेला नाही, अशी त्याची तक्रार असते. ही तक्रार नैतिक स्वरूपाची आहे. ती तशी खरोखर असू शकते काय, की भंगलेल्या आवडीलाच नीतीचे वस्त्र नेसवले जात आहे, हे तपासून पाहण्याजोगे आहे.

'द प्रॉमिस्ड नेव्हरलँड' या जपानी ॲनिमे मालिकेचे दुसरे पर्व हे त्यासाठी जवळपास आदर्श उदाहरण म्हणावे लागेल. काइउ शिराई यांचे लेखन आणि पोसुका देमिझू यांची चित्रे असलेली मूळ मांगा, म्हणजे चित्रकथा, 'शोनेन जंप' या साप्ताहिकात २०१६ ते २०२० या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली. तिची प्रकरणे १८१. क्लोव्हरवर्क्स या स्टुडिओने मामोरू कान्बे यांच्या दिग्दर्शनाखाली तिचे रूपांतर केले. २०१९ मधील पहिल्या पर्वाच्या १२ भागांत आरंभीची ३७ प्रकरणे आली. २०२१ मधील दुसऱ्या पर्वाच्या अवघ्या ११ भागांत कथेचा शेवट गाठण्यात आला. हे आकडे बोलके आहेत, परंतु त्यांच्यावर फार विसंबणे बरे नाही. संक्षेप हा स्वतः दोष नव्हे. कोणतेही रूपांतर निवड करतेच. काय गाळले यापेक्षा जे ठेवले ते कोणत्या नियमाने ठेवले, हा खरा प्रश्न आहे.

पहिल्या पर्वाने तो नियम अत्यंत काटेकोरपणे घालून दिला होता. ग्रेस फील्ड हाउस या अनाथालयात मुले सुखाने नांदत असतात. स्वच्छ कपडे, पोटभर जेवण, रोजच्या कठीण परीक्षा, आणि सर्वांना माया लावणारी इझाबेला. दत्तक गेलेल्या कॉनीचा कापडी ससा मागे राहिला म्हणून एम्मा आणि नॉर्मन ही अकरा वर्षांची मुले तो द्यायला फाटकापर्यंत जातात, आणि गाडीत कॉनीचे प्रेत पाहतात. अनाथालय म्हणजे राक्षसांसाठी माणसे वाढवणारा गोठा आहे; परीक्षांतील गुण म्हणजे मेंदूच्या प्रतीची मोजणी. येथपर्यंतची कल्पना भयकथेच्या चाहत्याला फारशी अपूर्व वाटणार नाही. अपूर्व आहे ते पुढचे हिशेबीपण. या पर्वात मुलांना काहीही फुकट मिळत नाही. सत्य कळले याची किंमत निष्पापपणाने चुकवावी लागते. भिंतीवर चढून पाहिले याची किंमत नॉर्मनच्या पाठवणीने. पळण्यासाठी एम्मा स्वतःचा कान कापून टाकते, कारण माग काढणारे यंत्र त्या कानात आहे. आणि सर्वांना सोबत नेण्याचा तिचा हट्ट अखेर एका कठोर तडजोडीपाशी येऊन थांबतो. चार वर्षांपर्यंतच्या मुलांना मागे ठेवावे लागते. त्यांच्यातला फिल सर्व जाणून आहे. तो थांबायला तयार होतो, आणि एम्मा परत येण्याचे वचन देते.

हे वचन कथेतील पात्राने पात्राला दिलेले आहे. तथापि त्याच क्षणी कथनानेही प्रेक्षकाला एक शब्द दिला, असे मानण्यास जागा आहे. तो शब्द सुखान्ताचा नाही. मुले वाचतील, असेही त्यात नाही. या जगात सुटकेची किंमत असते आणि ती किंमत लपवली जाणार नाही, एवढेच त्यात आहे. मालिकेचे जपानी शीर्षकही येथे ध्यानात घ्यावे. 'याकुसोकु' म्हणजे वचन. आणि कथेत ज्याला वचन म्हटले जाते तो मुळात हजार वर्षांपूर्वी माणसे आणि राक्षस यांच्यात झालेला करार आहे. दोन जगे वेगळी झाली, शांतता आली, आणि तिचे मोल म्हणून काही माणसांना पिढ्यान्‌पिढ्या राक्षसांच्या आहारासाठी मागे ठेवले गेले. ज्यांनी करार केला त्यांना मोल द्यावे लागले नाही. ज्यांना द्यावे लागले त्यांना कोणी विचारले नव्हते. वचनाचा भार कोणाच्या माथी पडतो, हा या कथेचा गाभा आहे, आणि म्हणूनच तिच्या उत्तरपर्वाचा वचनभंग विशेष बोचतो.

दुसऱ्या पर्वाने नेमका हा हिशेब सोडून दिला. मूळ कथेत पळून गेलेल्या मुलांना एक एकाकी, कडवट झालेला माणूस भेटतो. तो पूर्वी अशाच एका गोठ्यातून निसटलेला आहे आणि सर्व सोबती गमावून जिवंत राहिला आहे. त्याच्यामुळे आणि त्यानंतर येणाऱ्या गोल्डी पाँड या शिकारभूमीच्या प्रकरणामुळे सुटकेनंतरचे जगणे म्हणजे काय, हे मुलांना कळू लागते. मालिकेने दोहोंना वगळले. वगळल्याबद्दल तक्रार करण्यापेक्षा त्यांच्या जागी काय आले, हे पाहणे उचित होईल. मृत समजला गेलेला नॉर्मन परततो, तो राक्षसांच्या समूळ नाशाची योजना घेऊन. येथे कथा तिच्या सर्वांत अवघड नैतिक प्रश्नापाशी पोचलेली असते. माणसाचे मांस मिळाले नाही तर राक्षसांची बुद्धी आणि रूप दोन्ही लयाला जातात. म्हणजे ज्यांच्याविरुद्ध लढायचे तेही भुकेच्या नियमाने बांधलेले आहेत. मुजिका या राक्षसकन्येच्या रक्ताने हे बंधन तुटते; पण तोवर झालेल्या हत्यांचे काय, आणि ज्यांनी मुले गमावली त्यांच्या सूडाचे काय, हे प्रश्न शिल्लक राहतातच. मालिका त्यांना भिडत नाही. गावातील सामान्य राक्षस, त्यांच्यातील मुले आणि म्हातारी समोर दिसताच नॉर्मनचा वर्षानुवर्षे पोसलेला निर्धार गळून पडतो. इझाबेलाही ऐन वेळी मुलांच्या बाजूला येते. आणि शेवटच्या भागात, मूळ कथेत ज्याला शेकडो पृष्ठे लागली ते एम्माचे राक्षसांच्या जगातले कार्य, स्थिर चित्रांच्या एका मालिकेत, संवादाविना, संगीताच्या साथीने उरकले जाते. मूळ कथेत नव्या वचनासाठी एम्माला आपल्या माणसांची आठवणच गमवावी लागते. मालिकेतील एम्मा हसतमुखाने परतते आणि सर्वांना ओळखते.

मांगा आधी वाचलेल्यांचीच ही नाराजी आहे, असा एक प्रतिवाद ऐकू येतो. तो दुबळा आहे. मूळ संहितेशी निष्ठा हा रूपांतराच्या मूल्यमापनाचा निकष होऊ शकत नाही, हे मान्यच करावे. परंतु येथे दाखवलेली विसंगती दोन पर्वांच्या आतलीच आहे; मांगाचे एक पानही न उघडता ती दिसते. ज्या कथनाने एका कानाचा हिशेब ठेवला त्याने एका सबंध युद्धाचा हिशेब सोडून द्यावा, हे कळण्यासाठी बाह्य पुरावा लागत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि मराठी समीक्षेला तो परिचितही आहे. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त ज्या भूमिकेला अलौकिकतावादी म्हटले, तिच्या दृष्टीने वचन, ऋण, फसवणूक या लौकिक व्यवहारातल्या कोटी कलेला लावणे हाच मुळी कोटिप्रमाद ठरेल. कलाकृती कोणाला काही देणे लागत नाही. ती असते, एवढेच. हा आक्षेप एखाद्या भावकवितेच्या बाबतीत बराच टिकेल. क्रमशः चालणाऱ्या कथनाच्या बाबतीत तो टिकणे अवघड आहे, कारण अपेक्षा ही तेथे रचनेचीच घटक असते. भरताने सांगितलेल्या पाच संधींचा विचार केला तरी हे लक्षात येते. मुखसंधीत पेरलेले बीज निर्वहणात फलित व्हावे, ही प्रेक्षकाची सवड पाहून केलेली सूचना नाही; नाट्यवस्तू एक वस्तू आहे असे म्हणता यावे, याचीच ती अट आहे. उकल कथानकातूनच निघाली पाहिजे, वरून उतरवलेल्या देवाने ती करू नये, हा ॲरिस्टॉटलचा आग्रहही याच जातीचा. आणि आनंदवर्धनाने तर रसभंगाचे कारण अनौचित्यावाचून दुसरे नाही, अशी भूमिका घेतली. औचित्य या एका शब्दात कलात्मक आणि नैतिक हे दोन्ही अर्थ आपल्या परंपरेत एकत्र नांदत आले आहेत, त्यांची फारकत करण्याची घाई नंतरची आहे. नॉर्मनचे मतपरिवर्तन अनुचित आहे असे म्हणताना ते अपुरे रंगवले आहे आणि ते त्याच्या दुःखाची अवहेलना करते, अशा दोन गोष्टी एकाच वेळी म्हटल्या जातात.

एवढे मान्य केल्यावरही एक अडचण उरतेच. वचन असेल तर ते देणारा कोण? टी. एम. स्कॅनलन यांनी १९९८ मधील आपल्या ग्रंथात वचनाचे बंधन मूलतः दुसऱ्याच्या मनात हेतुपूर्वक निर्माण केलेल्या भरवशात शोधले. हा विचार येथे उपयोगी आहे, पण त्यालाही भरवसा देणारी व्यक्ती लागते. ॲनिमे मालिकेला असा एकच कर्ता नसतो. गुंतवणूकदार कंपन्यांची मिळून बनलेली निर्मिती-समिती, स्टुडिओ, दिग्दर्शक, लेखक, चित्रकार, आणि कडक वेळापत्रक. दुसरे पर्व महामारीमुळे ऑक्टोबर २०२० ऐवजी जानेवारी २०२१ मध्ये सुरू झाले, हेही विसरता येत नाही. खुद्द शिराई या पर्वाच्या कथासंयोजनात सहभागी होते. शेवटच्या दोन भागांच्या श्रेयनामावलीत मात्र त्यांचे नाव दिसले नाही. यावरून तर्क पुष्कळ लढवले गेले. त्यांत शिरण्याचे कारण नाही. आपल्या प्रश्नापुरते इतकेच महत्त्वाचे की, जबाबदारी इतकी विखुरलेली असताना 'तुम्ही शब्द मोडलात' असे ज्याला म्हणावे तो माणूसच सापडत नाही. कथेतल्या करारासारखेच येथेही करणारे आणि भोगणारे वेगवेगळे आहेत. रात्री जागून रेखाटने पुरी करणारा चित्रकार आणि प्रेक्षक हे दोघेही बहुधा भोगणाऱ्यांच्याच बाजूला असतात. ज्या संतापाने काही प्रेक्षक अशा प्रसंगी निर्मात्यांतील व्यक्तींच्या मागे लागतात, तो म्हणूनच अन्याय्य आहे. त्याची तक्रार खोटी नसते, तिचा पत्ता चुकीचा असतो.

तेव्हा शब्द दिला तो कृतीने, आणि मोडलाही कृतीनेच, असे म्हणणे अधिक नेमके होईल. हा केवळ अलंकार नाही. बारा भागांत कृतीने प्रेक्षकाला एका विशिष्ट रीतीने पाहायला शिकवले: दार दिसले की कुलूप शोधायला, माया दिसली की तिचे मोल विचारायला. ही शिकवण हेच तिचे वचन होते. उत्तरपर्वाने प्रेक्षकाला ते शिक्षण विसरून जाण्याची विनंती केली. जो विसरू शकला नाही तो निराश झाला. याचा अर्थ असा की पहिल्या पर्वाचा तो चांगला विद्यार्थी होता. निराशेला मनःस्थिती म्हणून बाजूला सारणाऱ्या समीक्षेच्या हातून नेमके हे निसटते. ही निराशा म्हणजे आस्वादकाच्या ठायी टिकून राहिलेला कृतीचाच नियम असतो, कृतीने तो सोडून दिल्यानंतरचा.

यातून उद्भवणारा एक प्रश्न पुष्कळ प्रेक्षकांनी कृतीने सोडवला आहे, पण विचाराने नव्हे. दुसरे पर्व नव्हतेच असे समजायचे आणि पहिल्यावर थांबायचे, असे ते म्हणतात. हे प्रामाणिक आहे काय? वचनाचे वैशिष्ट्य हे की नंतरच्या वर्तनाने आधीच्या उच्चाराचे स्वरूप ठरते. न पाळलेला शब्द मागे वळून पाहता थाप वाटू लागतो. या न्यायाने उत्तरपर्व पूर्वपर्वालाही बाधते. परंतु सर्वत्र सारखे नाही. गाडीतल्या कॉनीच्या प्रेताला पुढच्या कशानेही धक्का लागत नाही. ते दृश्य काही मागत नाही, ते पुरे झालेले आहे. पहिल्या पर्वाच्या शेवटी मुले निसटल्यावर केस मोकळे सोडून मनोमन त्यांचे भले चिंतणारी इझाबेला मात्र तितकी सुरक्षित नाही. तिच्या त्या क्षणाची धार, तिला दुसरी बाजू निवडता आली नाही, यात होती. पुढे ती निवड इतक्या सहजपणे तिच्या हाती दिली गेल्यावर तो क्षण नुसता उशीर वाटू लागतो. आणि फिल? त्याला दिलेले वचन तर मालिकेने अक्षरशः पाळले. एम्मा परत आली, मुले सुटली. चार वर्षांच्या मुलाने सर्व जाणून ज्या घरात थांबायचे कबूल केले, त्या घरातले त्याचे मधले दिवस कसे गेले, ते मात्र दुसऱ्या पर्वाने आपल्याला जवळजवळ पाहूच दिलेले नाहीत.