कॅलिपर तोच की दुसरा?

मोटारसायकलचा डिस्क ब्रेक कॅलिपर घरी उघडून त्यातले पिस्टन, सील, पॅड, पिना बदलल्या, तर उरतो तो जुनाच कॅलिपर की दुसरा? भारतीय दर्शनांत हा वाद रथ आणि वस्त्र यांच्यावरून झडला. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन यवन राजा मिलिंदाला विचारतो, आस म्हणजे रथ का, चाक म्हणजे रथ का? राजा दर वेळी नाही म्हणतो. सुट्या भागांत रथ सापडत नाही, भाग वगळूनही सापडत नाही; ते जुळून आले की रथाचा व्यवहार सुरू होतो. न्याय-वैशेषिकांना हे अमान्य. त्यांच्या मते अवयवी हा अवयवांहून वेगळा, खराखुरा पदार्थ आहे; त्यामुळे वस्त्रातला एक धागा निघाला तरी जुने वस्त्र नाश पावते, नवे उत्पन्न होते. तर्क चोख आहे, पण टायर बदलला की गाडी नवी, हे काही आरसी बुकाला झेपणारे नाही.

कॅलिपर आतून पाहिला की नागसेनाचे पारडे जड होते. बॉडीच्या खाचेत चौकोनी छेदाचे रबरी सील पिस्टनला आवळून बसलेले असते. लिव्हर दाबला की ब्रेक ऑइलच्या दाबाने पिस्टन पुढे जातो आणि सील किंचित मुरडते. लिव्हर सोडला की सील सरळ होताना पिस्टनला केसभर मागे ओढते. पॅड डिस्कवरून सुटतो तो मुख्यतः एवढ्यावर. मागे खेचणारी स्प्रिंग नसते. हे काम एकट्या सीलचे नाही, पिस्टनचे नाही, खाचेचेही नाही. बिघाडही याच जुळणीत होतो. खाचेत अॅल्युमिनियमची पांढरी भुकटी साचते, सीलला मागून रेटते, पिस्टन जखडतो, डिस्क तापते. भुकटी न खरवडता नवे किट बसवले तर भाग सगळे नवे आणि ब्रेक तरीही जाम.

वस्तू जुळणीत असेल, तर जबाबदारी जुळवणाऱ्यावर येते. जैन विचारात हिंसेचा निकष प्रमाद हा आहे: बेपर्वाईने वागणाऱ्याला, जीव गेला नाही तरी, दोष लागतो. खोलताना बाहेर पडत्या पिस्टनसमोर बोट ठेवू नये. सील पेट्रोलने धुणे किंवा साधे ग्रीस लावणे हा प्रमादच, कारण त्याने रबर फुगते. सील ताज्या ब्रेक ऑइलने ओले करूनच बसवावे. हे ऑइल हवेतली ओल शोषते. डॉट ४ प्रतीच्या कोऱ्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असावा लागतो, ओल शोषलेल्याचा १५५. म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलतात. शेवटी एअर काढावी, लिव्हर कडक लागेपर्यंत.

पिस्टनवर खड्डे पडले असतील तर तो बदलता येतो. खाचच खोलवर खाल्ली गेली असेल किंवा बॉडीला चीर असेल, तर दुरुस्ती थांबवून नवा कॅलिपर घ्यावा.