बेथेलचा वारसा

"आम्ही चौथ्या पिढीचे ख्रिस्ती" असे लातूर व नांदेड जिल्ह्यांतील आमच्या खेड्यांच्या मंडळ्यांत अभिमानाने सांगण्यात येते. हा अभिमान आम्हांस वाईट वाटत नाही. परंतु घर व शेत ज्याप्रमाणे बापाकडून मुलाकडे येते, त्याप्रमाणे विश्वासही येतो काय, हा प्रश्न आम्ही आपल्या मनास क्वचितच विचारतो.

असा विचार मनात आला म्हणजे जालन्याजवळील बेथेल हे लहानसे गाव आमच्या डोळ्यांपुढे उभे राहते. निजामाचे दिवाण सर सालारजंग यांजकडून जमीन मिळवून रेव्ह. नारायण शेषाद्री यांनी ते एकोणिसाव्या शतकात वसविले. ज्यांस पिढ्यानपिढ्या गावकुसाबाहेर ठेवले होते, अशा मातंग समाजातील पुष्कळ बंधुभगिनींस तेथे घर व उपासनेची जागा लाभली. असा वारसा प्रिय वाटावा यात नवल ते काय?

पण स्वतः नारायणराव वारसा सोडून आलेले होते. ते ब्राह्मण कुळातले, इ. स. १८४३ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनरींच्या आश्रयास आला. पण तो अज्ञान असल्यामुळे न्यायालयाने त्यास बापाच्या स्वाधीन केले. पुढे त्यास जातीत परत घ्यावे की नाही यावर मोठा वाद माजला, व बाळशास्त्री जांभेकरांनी त्याचा पक्ष घेतला. त्या बापाचे दुःख आम्ही हलके लेखीत नाही. आमच्यापैकी जे बाप आहेत त्यांनी ते आपल्यावर घेऊन पाहावे. तथापि मुलाने कोठे राहावे एवढेच न्यायालयास ठरविता आले. त्याच्या अंतःकरणाचा निवाडा करता आला नाही. आम्हीही आपल्या मुलांस हात धरून मंदिरात आणतो. आमचा अधिकार उंबरठ्यापर्यंतच.

बेथेल या नावातच एक इशारा आहे. याकोबाने दगड उशाशी घेऊन जेथे स्वप्न पाहिले, त्या स्थळास त्याने 'देवाचे घर' म्हटले. त्याच गावी यराबामाने सोन्याचे वासरू उभे केले, आणि तिकडे जाऊ नका असे आमोस संदेष्ट्यास लोकांस सांगावे लागले. मंदिराच्या रंगासाठी वर्गणी जमते, पण शास्त्र वाचावयास कोणी बसत नाही, असे आमच्याकडेही घडतेच की.

यावरून जुन्या जागेची माया हे पाप आहे असे मात्र कोणी समजू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी व आसपासची गावे भूकंपाने कोसळली, हजारो जीव गेले, व पुष्कळ गावे नव्या जागी वसविण्यात आली. पडक्या गावात जाऊन आपल्या घराचा ओटा शोधणाऱ्या म्हातारीस मूर्तिपूजक कोण म्हणेल? परंतु नव्या वसाहतीत प्रार्थनेस आरंभ करावयास जुन्या भिंती लागत नाहीत. प्रभूच्या नावाने जमलेले दोघेतिघे लागतात.

चौथ्या पिढीच्या बंधूंस आमची एवढीच विनंती की, मंदिराच्या वर्धापनदिनी पूर्वजांची नावे वाचून झाल्यावर, ती माणसे प्रभूकडे का आली हे घरातील मुलांस सांगावे. मग, "तुझे काय?" असे विचारून स्वस्थ बसावे. उत्तर लगेच आले नाही, किंवा मनासारखे आले नाही, तरी रागावू नये.