फॉर्मवरचं ‘नाही’

सैन्यात रुजू होण्याआधी चारित्र्य पडताळणीचा एक फॉर्म भरावा लागतो. नाव, वडिलांचं नाव, आजवर कुठे कुठे राहिलात हे सगळं झालं की काही प्रश्न एका रांगेत येतात. तुम्हाला कधी अटक झाली आहे का? तुमच्यावर खटला चालला आहे का? कोठडीत ठेवलं होतं का? वर्तणुकीचा बॉण्ड लिहून घेतला होता का? कोर्टाने दंड केला आहे का? दोषी ठरवलं आहे का? आणि सोबत इशारा छापलेला असतो, की खोटी माहिती दिली किंवा माहिती दडवली तर तेवढ्यावरून उमेदवार अपात्र ठरेल.

२००० साली मी हा फॉर्म भरला आणि ओळीने ‘नाही’ लिहिलं. त्यातलं प्रत्येक ‘नाही’ खरं होतं. कुठल्याही पोलीस ठाण्यातल्या कुठल्याही रजिस्टरमध्ये माझं नाव नव्हतं. तरीही आयुष्यात मी लिहिलेल्या सगळ्या कागदांमध्ये तो सर्वात खोटा कागद आहे, असं मला वाटत आलं आहे. असं का वाटतं, हे एकदा नीट तपासून बघावं म्हणून हे लिहितोय.

आम्ही दोघे सातारा जिल्ह्यातले. ज्या भागात एका गावाच्या नावातच ‘मिलिटरी’ आहे (अपशिंगे मिलिटरी), तिथल्या पोराला सैन्यात का जायचंय असं कुणी विचारत नाही, का जायचं नाही असं विचारतात. मी आणि माझा मित्र एकाच कॉलेजात होतो, पहाटे एकत्र पळायचो आणि सीडीएसची तयारी करायचो. १९९८च्या विसर्जन मिरवणुकीत दुसऱ्या मंडळाच्या पोरांशी वाट देण्यावरून बाचाबाची झाली. पहिला हात मी उचलला. माझ्या हातात झेंड्याची काठी होती. ती एका पोराच्या कपाळावर बसली, रक्त आलं आणि तो खाली बसला. मग पळापळ झाली. मी बोळातून पळालो. माझा मित्र पळाला नाही. त्याने खांद्यावरचा पंचा काढून त्या पोराच्या कपाळावर दाबून धरला आणि रिक्षासाठी हाका मारत राहिला. पोलीस आले तेव्हा रक्ताने माखलेल्या हातांचा एकच माणूस तिथे होता.

कलम ३२३. साधी दुखापत. पोलिसांनी विचारलं तेव्हा त्याने माझं नाव सांगितलं नाही. मीही जाऊन सांगितलं नाही. एक दिवस थांबलो, मग दोन दिवस, मग आता उशीर झाला असं स्वतःला सांगितलं. वकिलाने त्याला सल्ला दिला की गुन्हा कबूल कर, पाचशे रुपये दंड भर, विषय संपव. लढत बसलास तर वर्षानुवर्षं तारखा पडतील. त्याने दंड भरला. गुन्हा कबूल करून भरलेला दंड म्हणजे दोषसिद्धी, हे तेव्हा आम्हा दोघांनाही कळलं नव्हतं. आजही कित्येक पोरांना कळत नाही. पावती मिळाली की प्रकरण मिटलं असं घरचे समजतात. प्रकरण मिटलेलं असतं हे खरं, पण नोंद राहिलेली असते.

पुढच्या वर्षी कारगिल झालं. टीव्हीवर त्या उन्हाळ्यात जे दिसलं, त्याने आमच्यासारख्या पोरांचा निर्धार दुप्पट झाला. लेखी परीक्षा दोघेही पास झालो. एसएसबीच्या पाच दिवसांतून तो पहिल्याच फेरीत शिफारस घेऊन आला, मला दुसऱ्यांदा जावं लागलं. मेडिकलही झालं. मग त्याच्या घरी फॉर्म आला.

त्या रात्री मी त्याला म्हणालो, “नाही लिही. सातारच्या एका कोर्टातला पाचशे रुपयांचा दंड, कोण बघायला येतंय?” 

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “आरं, पयल्याच कागदावर खोटं लिवायचं, आन् मग शपथ कशाची घ्यायची?”

गावातल्या एका निवृत्त सुभेदारांना त्याने विचारलं. ते म्हणाले, “खोटं लिहू नको. पण खरं लिहिलंस तर घेतील असं मला वाटत नाही.” मित्राने फॉर्म भरला, ‘होय’ लिहिलं, आणि पाकीट टपालात टाकायच्या ऐवजी कपाटात ठेवलं. मुदत निघून गेली. त्याला कुणी नाकारलं नाही. नकार येणार असं गृहीत धरून त्याने स्वतःच स्वतःला नाकारलं. मी चेन्नईच्या अकादमीत गेलो.

आता प्रश्नाकडे येतो. सैन्याला हे विचारायचा अधिकार आहे का? मला वाटतं, आहे. ज्याच्या हातात शस्त्र द्यायचं आणि ज्याच्या शब्दावर तीस माणसं अंधारात पुढे जाणार, त्याचा भूतकाळ विचारलाच पाहिजे. पण विचारायचं कशासाठी? डाग नसलेला माणूस शोधायचा म्हणून विचारत असतील, तर तो शोध फोल आहे. विसाव्या वर्षी ज्याने काहीच चूक केली नाही असा माणूस मी सैन्यातही पाहिला नाही आणि बाहेरही नाही. नोकरीत मला त्या प्रश्नाचा दुसरा अर्थ हळूहळू कळत गेला. गस्तीवरून परतलेला तरुण अधिकारी ‘ठरलेल्या जागेपर्यंत गेलो’ म्हणतो, तेव्हा तो खरंच गेला होता का, हे तपासायला दरवेळी कुणी जाऊ शकत नाही. त्याच्या रिपोर्टवर दुसऱ्या दिवशी दुसरी माणसं चालतात. तो फॉर्म म्हणजे उमेदवाराने सैन्याला दिलेला पहिला रिपोर्ट असतो. तू काय केलंस, यापेक्षा स्वतःचं नुकसान होत असताना तू खरं सांगतोस का, हे त्यातून कळतं.

आपल्याकडे असे दोन जुने अर्ज आहेत. कर्णाने परशुरामांकडे अस्त्रविद्येसाठी जाताना कूळ खोटं सांगितलं. पुढे गुरू मांडीवर डोकं ठेवून झोपले असताना किड्याने मांडी पोखरली तरी तो हलला नाही, आणि त्या सहनशक्तीवरूनच त्याचं खोटं उघडं पडलं. ऐन वेळी विद्या आठवणार नाही, असा शाप मिळाला. दुसरा अर्ज छांदोग्य उपनिषदातल्या सत्यकामाचा. गोत्र विचारल्यावर त्याने आईने सांगितलं तसंच सांगितलं, की ते तिलाही ठाऊक नाही. गौतमांनी त्याला ठेवून घेतलं, कारण तो सत्यापासून ढळला नाही. दोघांचा ‘दोष’ जन्माचा होता, म्हणजे दोषच नव्हता. त्यामुळे माझ्या मित्राच्या दंडाशी तुलना पुरती जुळत नाही. पण एक गोष्ट जुळते. सत्यकाम खरं बोलू शकला कारण समोर गौतम होते. परशुराम क्षत्रियाला शिकवणार नाहीत, हे कर्णाला आधीच ठाऊक होतं. खरं बोलणाऱ्याला दार बंदच मिळणार असेल, तर विचारणाराही खोट्याचा थोडा भागीदार होतो. अशी चाळणी प्रामाणिक चुकलेल्यांना बाहेर टाकते आणि खोटं बोलणाऱ्या चुकलेल्यांना आत घेते.

आपल्या न्यायालयांनाही हा पेच पडलेला आहे. २०११ साली दिल्ली पोलिसांत भरती होऊ पाहणाऱ्या एका तरुणाने जुनी केस दडवल्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आलं. तेव्हा न्यायमूर्ती काटजूंनी व्हिक्टर ह्यूगोच्या ज्यां व्हालज्यांची आठवण काढली, आणि तारुण्यातल्या आगळिकीवरून माणसाला जन्मभर डागी ठरवू नये असं मत दिलं. २०१६ साली ‘अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार’ या निकालात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने नियम अधिक नेमके केले. माहिती खरीच दिली पाहिजे. लहान वयातली घोषणाबाजी किंवा किरकोळ गुन्हा दडवला असेल, तर नियोक्ता त्याकडे काणाडोळा करू शकतो. आणि संपलेली केस प्रामाणिकपणे सांगितली असेल, तरी नियोक्त्याला पूर्वेतिहास तपासायचा अधिकार राहतो, नेमणूक देण्याची सक्ती त्याच्यावर होत नाही.

हे शेवटचं वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते निर्दय वाटलं. खरं सांगूनही हमी नाही? आता ते बरोबर वाटतं. क्षमा हा हक्क असू शकत नाही. ज्याच्या कपाळावर टाके पडले, त्याचाही त्यात काही भाग असतो. पण ऐकून घेतलं जाणं हा हक्क असायला हवा. माझ्या मित्राने तो हक्क वापरलाच नाही, कारण असा काही हक्क असतो हे त्याला सांगणारं कुणी नव्हतं. मी तर उलटंच सांगत होतो.

आणि माझं काय? १९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या दोन तत्त्वज्ञांनी ‘नैतिक नशीब’ ही कल्पना मांडली. दोन माणसं सारखीच वागतात, एकाच्या बाबतीत वाईट परिणाम होतो, दुसऱ्याच्या बाबतीत नाही, आणि जग दोषी धरतं ते पहिल्याला. मी ते वाचलं तेव्हा जरा हायसं वाटलं, म्हणजे हे नशिबाचंच होतं तर. पण तो आधार टिकला नाही. आम्ही सारखे वागलोच नव्हतो. काठी मी मारली आणि पंचा त्याने धरला. तो पकडला गेला तो दुर्दैवाने नाही, थांबल्यामुळे. एसएसबीत पाच दिवस जे गुण शोधतात, ते त्याने त्या रस्त्यावर दाखवले आणि त्याचीच नोंद त्याच्या नावावर गुन्हा म्हणून झाली.

तो फॉर्म कायद्याने तुमचं काय केलं ते विचारतो. तुम्ही काय केलंत, हे तो विचारत नाही, आणि विचारूही शकत नाही. ते विचारायचं काम ज्याचं त्याने करायचं असतं. मला ते फॉर्मच्या दिवशी नव्हे, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी करायला हवं होतं, पोलीस ठाण्याच्या पायरीवर. पुढे नोकरीत माझ्यासमोर चुकलेले जवान उभे राहिले, तेव्हा मी कडक होतो की मऊ, हे मलाच ठरवता येत नसे. दर वेळी वाटे, यांच्या जागी कुणीतरी दुसरं उभं राहायला हवं होतं.

मित्र आज गावाकडे पोरांना भरतीसाठी पळवतो. पहाटे पाचला मैदानावर असतो. फॉर्मचं काही अडलं की पोरांना माझ्याकडे पाठवतो. गेल्या महिन्यात एक आला. कॉलेजातली मारामारी, गुन्हा कबूल, सातशे रुपये दंड. “साहेब, वकील म्हणाले मिटलंय. नाही लिहिलं तर चालंल का?” मी म्हणालो, “होय लिही. तारीख, कलम, दंडाची रक्कम, सगळं लिही. कोर्टाच्या आदेशाची नक्कल जोड. घेतील की नाही, मी सांगू शकत नाही. पण पाकीट कपाटात ठेवू नकोस.”

तो उठला, दारापर्यंत गेला आणि वळून म्हणाला, “तुमच्या फॉर्मवर काय होतं, साहेब?”

“सगळीकडे नाही,” मी म्हणालो. मग त्याला परत बसायला सांगितलं आणि १९९८ची मिरवणूक पहिल्यापासून सांगितली. काठी कुणाच्या हातात होती, ते सांगितलं. सत्तावीस वर्षांत कुणाला सांगितलं ते त्यालाच पहिल्यांदा. त्याचे सर ते मला कधीच विचारणार नाहीत, हेही मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी मित्राचा फोन आला. पोराने फॉर्म पाठवला म्हणाला. बाकी काही बोलला नाही. थोडं थांबून म्हणाला, “पहाटं ये की एकदा मैदानावर.” मी जाणार आहे.