बार भरताना

दिवाळीच्या सुटीपूर्वी वर्गातल्या मुलांना अजब बंगला दाखवून आणायचा, हा माझा बरीच वर्षे चालत आलेला नेम. १८६३ साली स्थापन झालेले हे आमचे मध्यवर्ती संग्रहालय. पण नागपुरात त्या भारदस्त नावाने त्याला कोणी ओळखत नाही. ह्या वर्षी शस्त्रांच्या दालनात मी मुलांना ठासणीच्या बंदुकीची माहिती देत होतो. दारू तोंडाकडून भरायची, गजाने ठासायची, मग बार काढायचा, असे माझे चालले होते. तेवढ्यात मागच्या रांगेतून एकाने विचारले, "सर, एका मिनटात किती गोळ्या सुटत?"

"कसलेला शिपाई असला तर तीन. एरवी एक सुटली तरी पुष्कळ."

"मंग त तेवढ्यात मानूस पळूनच जाईन!"

सारा वर्ग हसला. मीही हसलो. पण मुलांना घरी पाठवून सायकल हातात घेतली, तेव्हा त्या पोराचे वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना. शस्त्राला वेळ लागतो म्हणून माणूस वाचतो, हे खरे आहे काय? आणि वाचतो तो कोण? ज्याच्यावर नेम धरलेला असतो तो, की नेम धरणारा?

ठासणीची बंदूक पाहिली नसेल अशा वाचकांसाठी थोडे सांगतो. जुनी बंदूक तोड्याची असे. पेटत्या दोरीने तिला बत्ती द्यावी लागे. पुढे चकमकीची आली आणि त्यानंतर टोपीची. तऱ्हा बदलल्या, पण भरण्याची रीत तीच राहिली. आधी दारू मापून नळीत ओतायची. ही दारू म्हणजे शंभर भागांत ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक. ह्याच तीन वस्तूंत लोखंडाचा कीस मिसळला, की आपल्या अंगणातला अनार होतो. दारूवर चिंध्यांचा बोळा घालून तो गजाने ठासायचा. मग छर्रे किंवा गोळी, वर पुन्हा बोळा, पुन्हा गज. शेवटी मागचा घोडा अर्धा ओढून इवलीशी तांब्याची टोपी बसवायची. एवढे झाले म्हणजे एक बार तयार. तो काढला, की सारे पहिल्यापासून.

ही बंदूक केवळ संग्रहालयात उरली आहे असे मात्र नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या १३ व्या कलमात पिकांच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख मुद्दाम केलेला आहे. कोकणात आणि आमच्या विदर्भाच्या जंगलकाठच्या गावांत रानडुकरांच्या भयाने अशा बंदुका परवान्यावर बाळगल्या गेल्या. आमच्याकडे तिला भरमार म्हणतात. उमरेडच्या पुढे एका खेड्यात माझ्या मामांकडे अशी एक भरमार होती. मी हे सारे लिहितो आहे ते तिच्यामुळे.

मामा फार शिस्तीचे. उन्हाळ्याच्या सुटीत नाल्याच्या दरडीला फुटके मडके टेकवून ते नेमबाजी करीत. मला बंदुकीला हात लावू देत नसत. पण दारूच्या मापापासून गज पुसण्यापर्यंत सारे समजावून सांगत. त्यांचा एक नियम विशेष होता. कधीकधी टोपी फुटते आणि आतला बार उडत नाही. अशा वेळी बार फुकट गेला असे समजून बंदूक खाली करायची नाही. आतली दारू धुमसत असते. ती उशिरा पेट घेईल. म्हणून नळी लगेच आभाळाकडे करायची आणि मनात साठ आकडे मोजायचे. हा नियम त्यांना आजोबांनी लावून दिला होता. रिकामी बंदूक हातात घेऊनही ते त्याचा सराव करीत. मला तेव्हा त्याचे हसू येई.

राखणीला गेले, की मामा नळीत नुसती दारू आणि बोळा भरीत. छर्रे नसत. मचाणावरून आभाळात एक आवाज काढला, की कळप पळून जाई. परवाना हाकलण्यापुरता आहे, जीव घेण्यासाठी नाही, असे ते म्हणत.

१९९१ च्या दिवाळीत मी सातवीत होतो आणि मामांकडे गेलो होतो. लक्ष्मीपूजन होऊन दोन-तीन दिवस झाले असतील. लागोपाठ तीन रात्री डुकरांनी ज्वारी लोळवली होती. चौथ्या रात्री मी हट्टाने मामांबरोबर मचाणावर गेलो. कंदिलाच्या उजेडात त्यांनी बार भरला. दारू ओतली, बोळा ठासला. मग क्षणभर थांबले. खिशातून छर्र्यांची पुरचुंडी काढून त्यांनी ती नळीत रिकामी केली. मी काही विचारले नाही. पण त्या रात्री गज नेहमीपेक्षा जोराने खालीवर होत होता, एवढे मला चांगले आठवते.

पहाटेच्या सुमारास धुऱ्यापलीकडच्या तुरीत खसफस झाली. झाडे हलली. काहीतरी काळे, वाकलेले, पुढे सरकत होते. मामांनी खाली नेम धरला आणि चाप ओढला. टोपी फुटली; बार उडाला नाही. रात्रभराच्या दवाने दारू सादळली असावी. मामांनी तत्काळ नळी वर केली. मी मनात आकडे मोजू लागलो. दोन की तीन झाले असतील, तोच कानठळ्या बसवीत बार उडाला, आणि तुरीतून आवाज आला, "मी आहो जी, भाऊ! बरं झालं बार काढला. तिकडून कळप येत होता, पळाला पाहा."

तो शेजारच्या वावराचा धनी होता. त्याच्या बॅटरीचे सेल संपले होते. अंधारातच तो पडलेली तूर चाचपत होता. मामा नेहमीसारखा आभाळात आवाज काढीत आहेत, असे त्याला वाटले. मामांच्या तोंडून शब्द फुटला नाही. ते बंदूक मांडीवर घेऊन उजाडेपर्यंत बसून राहिले. घरी येताना एवढेच म्हणाले, "कोनाले सांगू नको, बाबू." त्यानंतर त्यांनी नळीत छर्रे कधी घातले नाहीत. दसऱ्याला बंदुकीची पूजा करीत, तेव्हाही ते तिच्याकडे नीट बघत नसत.

मी मोठा झालो, शाळेत शिकवू लागलो, कादंबऱ्या लिहिल्या, पण त्या रात्रीचा हिशेब मला मांडता आला नाही. मामा निर्दोष होते काय? कायद्याच्या दृष्टीने काहीच घडले नव्हते. माणूस सुखरूप होता, उलट आभार मानीत होता. परंतु चाप तर ओढला गेला होता. त्या क्षणी त्यांच्याकडून जे व्हायचे ते सगळे होऊन गेले होते. राहिले ते दवाच्या हाती. दव कमी पडले असते तर तेच मामा, तोच नेम, तेच बोट. पण जग त्यांना खुनी म्हणाले असते. मग पुण्य दवाचे म्हणावे काय?

पुष्कळ वर्षे मी असेच मानीत होतो. आता वाटते, दवाला मी फार मोठेपणा दिला. दवाने दोन-तीन क्षणांचा उशीर केला, एवढेच. त्या उशिरात नळी खालीच राहिली असती, तर उशिरा उडालेल्या बारानेही माणूस मेलाच असता. नळी वर केली ती मामांच्या हाताने. विचार करून नव्हे. त्या क्षणी विचाराला सवडच नव्हती. रिकाम्या बंदुकीवर शेकडो वेळा केलेला सराव त्या क्षणी धावून आला. म्हणून ज्याला आपण नशीब म्हणतो, त्यात आपण आधी करून ठेवलेलेही थोडे असते.

पण हा हिशेब एकाच बाजूने करून चालणार नाही. मामांची चूक मी आजवर चाप ओढण्याच्या क्षणात शोधीत होतो. ती तिथे नव्हतीच. ती संध्याकाळी, कंदिलाच्या उजेडात, पुरचुंडी सोडताना झाली होती. भरमार भरायला अर्धे-एक मिनिट लागते. त्या वेळात माणूस शांत होऊ शकतो, तसा तो आपला रागही थराथराने ठासू शकतो. १८५७ मध्ये मेरठच्या ८५ सवारांनी काडतुसे घ्यायला नकार दिला. समोर शत्रू नव्हता, कोणावर नेमही धरलेला नव्हता. प्रश्न केवळ बंदूक भरण्याचा होता, आणि त्यांनी आपल्या धर्माची लढाई तिथेच ठरवली. माणूस काय करणार, हे पुष्कळदा बार भरतानाच ठरलेले असते.

तेव्हा माझ्या विद्यार्थ्याला मी काय उत्तर द्यावे? शस्त्र मंद असले म्हणून माणूस दयाळू होत नाही. आमच्या सीताबर्डीच्या टेकडीवर २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी भोसल्यांची आणि इंग्रजांची लढाई झाली. दोन्ही बाजूंना बंदुका ठासणीच्याच होत्या, आणि तरी टेकडीवर प्रेते पडली. अमेरिकेतले १८६१ ते १८६५ चे यादवी युद्ध मुख्यत्वे ह्याच जातीच्या, पण आत आटे पाडलेल्या नळीच्या बंदुकांनी लढले गेले. रोगराईने गेलेले धरून सहा लाखांवर माणसे त्यात मेली. उशीर हे नुसते रिकामे भांडे आहे. त्यात काय ओतायचे, ते ओतणाऱ्यावर अवलंबून.

ह्या जुन्या बंदुकांचा आजही खेळ चालतो. १९७१ साली त्यासाठी एक आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली. पाश्चात्त्य देशांतले हौशी लोक स्वतःच्या हातांनी लाकडाचा दस्ता कोरतात, त्यात नळी बसवतात आणि कागदी निशाणावर नेम धरतात. (आपल्याकडे परवान्यावाचून बंदूक घडवणे हा गुन्हा आहे, आणि तो असावा.) त्यांच्या नेमबाजीचा एक नियम वाचून मी थबकलो. तीस मिनिटांत तेरा बार काढायचे आणि त्यांतले उत्तम दहा धरायचे. तीन चुका माफ! वावरात मात्र एकही चूक माफ नसते. मग जिथे चुका माफ असतात, तिथला सराव काय कामाचा? मामांच्या नाल्याकाठच्या मडक्यांनी मला ह्याचे उत्तर दिले. जिथे चुका माफ असतात, तिथेच हाताला ती सवय लागते, जी पुढे एकही चूक माफ नसलेल्या रात्री कामी येते. घर आणि शाळा ह्या तशाच जागा आहेत. मी मास्तर आहे. तेरांतले दहा धरण्याची माझी तयारी असली पाहिजे.

एक गोष्ट राहिली. मामा काही वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या तेराव्याला तो शेजारी ढसढसा रडला. "तुमच्या मामानं माह्यं वावर राखलं," असे तो मला म्हणाला. मी मान खाली घातली. हा लेख लिहायला घेतला, तेव्हा त्याला अंधारात ठेवून जगाला सांगणे मला बरे वाटेना. गेल्या महिन्यात मी त्याच्याकडे गेलो. आता तो फार थकला आहे. ओसरीवर बसून मी त्याला सगळे सांगितले, पुरचुंडीसकट.

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मले ठाऊक होतं जी."

"कसं?"

"बार वर उडाला, अन् मंग छर्रे तुरीच्या पानावर पडले. पाऊस पडते तसे. नुसत्या दारूले कुठचे आले छर्रे?"

म्हणजे तीस वर्षांवर हे त्याला माहीत होते. दर दिवाळीला मामांकडचा चिवडा-लाडू तो हसत घेत होता, आणि त्याला कळलेले आहे हे मामांना कळू नये म्हणून जपत होता. मी विचारले, "मग तुम्ही त्यांना कधी बोलला कसे नाही?"

"काय बोलू? नळी तं वर होती ना?"

त्याच्या उत्तराने माझे समाधान झालेले नाही. पुरचुंडी सोडणारा हात मी अजून विसरू शकत नाही, आणि विसरू नये असेही मला वाटते. पण ज्याच्या जिवावर बेतले होते, त्याने मामांच्या आयुष्यातले तेरा बार मोजले आणि उत्तम तेवढे धरले. त्याच्यापुढे माझा हिशेब किती चिल्लर!

निघताना त्याने नातीला हाक मारून माझ्यासाठी फराळ बांधून द्यायला सांगितले. दिवाळीला अजून वेळ होता. घरात काही तळलेले नव्हते. तिने ओंजळभर भुईमुगाच्या शेंगा कागदात बांधून दिल्या. त्याच वावरातल्या, डुकरांच्या तोंडून वाचलेल्या.