न बांधलेल्या जहाजाची लांबी

जे जहाज कोणत्याही गोदीत कधी बांधले गेले नाही, त्याची खरी लांबी किती? प्रश्न पोरकट वाटेल. परंतु 'स्टार वॉर्स' या चित्रपटमालेचे चाहते त्यावर वर्षानुवर्षे वाद घालीत आले आहेत. १९८० साली पडद्यावर आलेले 'एक्झिक्युटर' हे डार्थ व्हेडरचे अंतराळजहाज माहितीपुस्तकांतून दीर्घकाळ आठ किलोमीटर लांब गणले जाई. चाहत्यांनी चित्रपटातील दृश्ये थांबवून, शेजारच्या १.६ किलोमीटर लांबीच्या जहाजांशी ते ताडून पाहिले. आकडा जुळेना. अखेर अधिकृत लांबी १९ किलोमीटर ठरली.

अशा वादांत निर्णायक मानला जाणारा शब्द म्हणजे 'कॅनन'. तो आपल्याच घरातला आहे. मूळ ग्रीक अर्थ मोजण्याची काठी. त्यावरून पवित्र शास्त्रातील प्रमाणग्रंथांची यादी. १९११ साली रोनाल्ड नॉक्स या इंग्रज विद्वानाने बायबलच्या चिकित्सेची पद्धत शेरलॉक होम्सच्या कथांना गमतीने लावून दाखविली. हेच नॉक्स पुढे कॅथलिक धर्मगुरू झाले. त्या विनोदापासून हा शब्द कल्पित कथांच्या जगात रुळला, असे सामान्यतः मानतात.

२५ एप्रिल २०१४ रोजी लुकासफिल्म कंपनीने जाहीर केले की, चित्रपट आणि 'क्लोन वॉर्स' ही मालिका तेवढी प्रमाण. आधीच्या कादंबऱ्या यापुढे 'लेजंड्स', म्हणजे दंतकथा. नव्या चित्रपटांच्या कथानकाला मोकळीक हवी होती. कंपनीचा हक्क निर्विवाद होता. तरीही ज्यांनी आपले तारुण्य त्या पुस्तकांच्या सोबतीत घालविले होते, त्यांना वाटले की कोणीतरी आपल्या आठवणीच खोडून टाकल्या.

येथे पहिल्या व्हॅटिकन महासभेची १८७० सालची शिकवण आम्हांस आठवते. ख्रिस्तसभेने मान्यता दिली म्हणून शास्त्रग्रंथ प्रमाण ठरत नाहीत; ते ईश्वरप्रेरित आहेत म्हणून प्रमाण आहेत, आणि तसेच ते ख्रिस्तसभेच्या हाती सोपविलेले आहेत. अधिकार सत्य निर्माण करीत नाही, सत्य ओळखतो व जपतो.

कल्पित कथेची बरोबरी शास्त्राशी होऊ शकत नाही, हे उघड आहे. तेथे निर्मात्याने सांगावे आणि तेच घडावे. पण तेथेही, एकदा पडद्यावर दाखविलेले जहाज दाखविणाऱ्यालाच बांधून ठेवते. आठाचा आकडा पुस्तकात छापलेला होता. तरी त्याला चित्रापुढे नमते घ्यावे लागले. १९९१ सालच्या कादंबरीतला ॲडमिरल थ्रॉन यादीबाहेर गेला आणि २०१६ साली मालिकेतून पुन्हा यादीत आला. मधल्या काळात वाचकांचे त्याच्यावरील प्रेम कोणाच्या परवानगीसाठी थांबले नव्हते.

वाचकहो, आपणही कोठे ना कोठे मोजणारे असतो: घरात आईवडील, शाळेत शिक्षक, धर्मग्रामात आम्ही. 'मी म्हणतो म्हणून' हे वाक्य आपल्या ओठांवर चटकन येते. अशा वेळी लेकराने आपलाच कालचा शब्द आपल्यापुढे धरला, तर रागावण्यापूर्वी तो ताडून पाहावा. तो बरोबर असेल, तर आकडा आपण दुरुस्त करावा. त्याने अधिकार उणावत नाही. लेकराचा त्यावर विश्वास बसतो.