कौशिक परत घरी गेला

आमच्या ड्यूटीरूममध्ये एम.एस्सी. नर्सिंगचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "कर बाई, बेडसाइडमधून सुटशील." म्हणणारीच्या मनात वाईट काही नसतं. नाइटला चाळीस पेशंट आणि आपण दोघी, असं वर्षानुवर्षं काढलेल्या बाईनं सुटकेची भाषा केली तर तिला दोष कोण देईल? पण मी अतिदक्षता विभागात काम करते, पुढच्या शिक्षणाचे अर्ज सध्या माझ्या टेबलावर आहेत, आणि हे वाक्य मला टोचतं. ज्या कामाचं ज्ञान मिळवायचं, ते मिळाल्यावर त्याच कामापासून लांब जायचं, हे आपण इतकं सहज कसं धरून चालतो?

आधी वाटा कोणत्या ते सांगते. जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा करून नोकरीला लागलेल्या माझ्यासारखीला पहिल्यांदा दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करावं लागतं. ते मी केलंय. त्यापुढे दोन वर्षांचं एम.एस्सी. नर्सिंग. शाखा पाच: मेडिकल-सर्जिकल, बालरुग्ण, प्रसूती व स्त्रीरोग, मानसिक आरोग्य आणि सामाजिक आरोग्य. भारतात ही पदव्युत्तर पदवी १९५९ साली दिल्लीच्या राजकुमारी अमृत कौर कॉलेजात सुरू झाली. आपल्याकडे आता नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न अनेक कॉलेजांत ती मिळते. बी.एस्सी.ला ५५ टक्के आणि वर्षभराचा अनुभव हवा. अभ्यासाला आपली शाखा असतेच, शिवाय अध्यापनशास्त्र, संशोधन आणि संख्याशास्त्र, व्यवस्थापन, आणि शेवटी प्रबंध. विषयांची यादी वाचली तरी कळतं की इथून शिक्षिका आणि व्यवस्थापक बाहेर पडाव्यात अशी अपेक्षा आहे. तसंच होतंही. पास झालेली बहुतेकदा कॉलेजात ट्यूटर होते. सरकारी नोकरीत असली तर पाठ्यनिर्देशिकेच्या जागेकडे डोळे लावून बसते.

याशिवाय एकेका वर्षाचे पोस्ट बेसिक डिप्लोमा आहेत: क्रिटिकल केअर, ऑन्कॉलॉजी, ऑपरेशन रूम, नवजात शिशू. एमपीएच करून सार्वजनिक आरोग्याच्या कार्यक्रमांत जाता येतं. आणि एक तुलनेनं नवी वाट आहे, नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर. आम्ही एनपीसीसी म्हणतो. इंडियन नर्सिंग कौन्सिलनं आणलेला हा दोन वर्षांचा निवासी अभ्यासक्रम. तोही पदव्युत्तरच, पण शिकण्याचा बहुतेक वेळ पेशंटजवळ जातो, आणि शिकून झाल्यावर नर्सनं तिथंच राहावं या हिशोबानं तो आखलेला आहे.

माझे सासरे, आप्पा, निवृत्त मुख्याध्यापक. त्यांच्या गीतारहस्याच्या प्रतीत समासभर पेन्सिलीच्या खुणा आहेत, आणि जागोजागी टिळकांशी भांडण. (मंडालेच्या तुरुंगात टिळकांनी ते लिहिलं तेही पेन्सिलीनंच, १९१०-११च्या हिवाळ्यात, छापून आलं १९१५ साली.) त्या पुस्तकातला मुख्य वाद मला आप्पांमुळे माहीत झाला. शंकराचार्यांचं म्हणणं, ज्ञान आणि कर्म एकत्र नांदू शकत नाहीत. कर्म चित्तशुद्धीपुरतं, ज्ञान झालं की कर्म गळून पडतं, मग संन्यास. टिळक म्हणतात, गीतेचा अर्थ हा नव्हे. ज्ञान झालेल्यानंही लोकसंग्रहासाठी कर्म करतच राहायचं, जनक राजानं केलं तसं. उलट ज्ञान झाल्यावरच ते नीट करता येतं.

मी आप्पांना म्हटलं, "आमचं नर्सिंग शंकराचार्यांच्या बाजूचं दिसतंय. वॉर्ड चित्तशुद्धीपुरता. पदवी मिळाली की संन्यास."

आप्पा हसले. मग म्हणाले, "संन्याशाला पगार नसतो. तुमच्या ट्यूटरला असतो."

खरं आहे. शिकवणं हेही कर्मच आहे, आणि मला व्हेंटिलेटरचे अलार्म समजावून देणारी एक ट्यूटर होती म्हणून मी आज उभी आहे. तक्रार शिकवणाऱ्यांबद्दल नाहीच. तक्रार आहे ती शिकलेल्या नर्ससाठी दुसरा दरवाजाच न ठेवण्याबद्दल.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला अर्जुन विचारतो की कर्मापेक्षा बुद्धी श्रेष्ठ असेल, तर मला या घोर कामात का ढकलतोस? अर्जुनाचं घोर काम युद्ध होतं. आमचं म्हणजे बेडपॅन, सक्शन, कुजलेल्या जखमेचं ड्रेसिंग, गेलेल्या माणसाचं शेवटचं आवरणं. अंगाला हात लावायचं काम खालचं आणि अंगाबद्दल बोलायचं काम वरचं, ही उतरंड आपल्याकडे जुनी आहे आणि तिला जातीचा वास आहे. सुईण आणि न्हावी माणसाला हात लावत, म्हणून त्यांची जागा ठरलेली होती. रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये सुरू झालेल्या पुण्याच्या सेवासदनातून बायकांना, त्यात विधवांनाही, नर्सिंगच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात धाडलं. त्या काळच्या पुण्यात ही साधी गोष्ट नव्हती. अभ्यास आणि स्पर्श एकाच बाईच्या वाट्याला येऊ देणं हे त्यातलं धाडस, असं मला वाटतं. शंभरावर वर्षांनी आम्ही दोन्ही पुन्हा वेगळे करतोय, फक्त यावेळी पदवीच्या नावानं.

पण सगळ्यात कठीण प्रश्न मला टिळकांनी घातला नाही. तो महाभारतातल्या एका कथेनं घातला.

वनपर्वात मार्कंडेय ऋषी युधिष्ठिराला कौशिकाची गोष्ट सांगतात. झाडाखाली वेद म्हणत बसलेल्या कौशिकाच्या अंगावर बगळीची विष्ठा पडते. तो रागानं वर बघतो आणि बगळी मरून पडते. पुढे तो भिक्षेला एका घरी जातो. घरातली बाई त्याला थांब म्हणते. तेवढ्यात नवरा भुकेला येतो, ती त्याचं सगळं करते आणि मग भिक्षा घेऊन बाहेर येते. कौशिक संतापतो. ती शांतपणे सांगते की मी काही ती बगळी नव्हे, आणि त्याला धर्म शिकायला मिथिलेला पाठवते, मांस विकणाऱ्या व्याधाकडे. तो व्याध म्हाताऱ्या आईबापांची सेवा करतो, आणि हाच आपला धर्म म्हणून दाखवतो.

ही गोष्ट नर्सेस डेच्या भाषणांत फार खपते. सेवेपुढे वेदसुद्धा फिके, असं म्हणून टाळ्या घेता येतात. टाळ्यांच्या आडून म्हणायचं असतं ते हे की बायांनो, तुम्हाला पुस्तकं कशाला? मला ती गोष्ट तशी ऐकवली की राग येतो. त्या बाईला न पाहिलेली बगळी ठाऊक होती आणि व्याधानं केलेलं धर्माचं विवेचन कित्येक अध्याय चालतं. अडाणीपणाचं कौतुक त्या कथेत कुठंही नाही.

मात्र तिच्यात एक असा तपशील आहे जो भाषणवाले सांगत नाहीत आणि मला चुकवता येत नाही. व्याध शेवटी कौशिकाला म्हणतो, तू वेद शिकायला निघालास तेव्हा आईबापांना विचारलं नाहीस. तुझ्या शोकानं ते आंधळे झालेत. जा.

मी दोन वर्षं शिकायला गेले तर माझ्या जागी कुणी येणार नाही. आमच्याकडे बदली नर्स येत नसते. माझे पेशंट शेजारच्या सिस्टरच्या पदरात पडतील. २०१४ साली लॅन्सेटमध्ये लिंडा एकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास आला, नऊ युरोपीय देशांतल्या तीनशे रुग्णालयांमधला. शस्त्रक्रिया झालेल्या पेशंटांच्या बाबतीत त्यांना दिसलं की नर्समागे एक पेशंट वाढला की तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली असते. आणि पदवीधर नर्सेसचं प्रमाण १० टक्क्यांनी जास्त असेल तिथं ती ७ टक्क्यांनी कमी असते. तो अभ्यास बी.एस्सी.पुरता आहे, एम.एस्सी.ला तसाच लावता येत नाही, आणि युरोप म्हणजे आपला जिल्हा नव्हे. तरीही माझा पेच त्यात जसाच्या तसा आहे. शिकणं जीव वाचवतं. शिकायला जाणंही कुणाच्या तरी जिवावर पडू शकतं.

या पेचात फ्लॉरेन्स नाइटिंगेलही मला पुरत नाहीत. १८९०च्या दशकात बेडफर्ड फेनविकबाई नर्सेसच्या नोंदणीसाठी झगडत होत्या, तर नाइटिंगेल विरोधात होत्या. परीक्षेनं माहिती मोजता येते, चांगली नर्स मोजता येत नाही, असा त्यांचा रोख. ते पटतं. पण घरच्यांशी भांडून स्वतः जर्मनीत कैसरस्वर्थला शिकायला गेलेली, आकडेवारीच्या जोरावर सरकारला हलवणारी बाई दुसऱ्यांच्या परीक्षेला भिते, हे मला नेहमी अर्धवट वाटत आलंय. शेवटी नोंदणीचा कायदा ब्रिटनमध्ये १९१९ साली झालाच.

रिकाम्या जागा न भरण्याचं पाप माझं नाही, हे मला माहीत आहे. ते ज्यांचं त्यांनी बघावं. पण बेड नंबर चारच्या आजोबांना पाप कुणाचं याच्याशी काय देणंघेणं? त्यामुळे मी एवढ्यापर्यंत आलेय: त्यांना सोडून शिकायला जाण्याचा हक्क मला आहे तो परत येण्याच्या अटीवर. कौशिकाला व्याधानं वेद टाकून दे असं सांगितलं नाही. घरी जा म्हणाला, आणि तो गेला. परतीची अट लावून पाहिली की वाटांची किंमत बदलते. पगाराच्या हिशोबात वर असलेली पदवी खाली येते, आणि ज्या वाटेला आमच्या रुग्णालयात अजून धड नावही नाही ती वर.

आप्पा इथं मला अडवतात. "निष्काम कर्म म्हणतेस, आणि एनपीसीसीनंतर वेगळा भत्ता मिळावा असंही म्हणतेस." मी म्हणते, माझ्या कामाचं फळ म्हणजे पेशंट जगणं. ते माझ्या हाती नसतं, म्हणून त्यावर हक्क सांगत नाही. तो गेला तरी दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर येते. पगार हे फळ नव्हे. जनकाला राज्य सोडून काम करावं लागलं नव्हतं. आप्पांना हे पूर्ण पटलेलं नाही. "जनकाचं उदाहरण सोयीनं वापरतेस," म्हणाले, आणि समासात काहीतरी लिहिलं. ते मी अजून वाचलेलं नाही.

अर्ज मी एनपीसीसीचा भरला. सहीसाठी मेट्रनमॅडमकडे गेले तेव्हा त्यांनी दोनदा वाचला. "अगं, परत आल्यावर तुला दाखवू कुठल्या पदावर? मंजूर पदांत हे नाहीच."

"आहे त्याच पदावर, मॅडम. आयसीयूतच. फक्त एवढं लेखी द्या, की दोन वर्षांनी मला शिकवायला उचलणार नाही."

"वॉर्ड नको म्हणून लेखी मागणाऱ्या रोज येतात," त्या म्हणाल्या. "हे कुठल्या फॉरमॅटमध्ये लिहायचं, तेच मला ठाऊक नाही."