दहावा माणूस

ज्यू घरात माणूस गेलं की सात दिवस शोक पाळतात. आरसे झाकलेले असतात, घरची मंडळी बुटक्या आसनांवर बसतात आणि घरातच प्रार्थना होते. या प्रार्थनेतलं कद्दिश, म्हणजे गेलेल्या माणसासाठी म्हणायचा भाग, एकट्यानं म्हणता येत नाही. त्यासाठी किमान दहा जण लागतात, त्यांना मिन्यान म्हणतात. परंपरेनं हे दहाही पुरुषच.

१९५५ साली न्यूयॉर्कमध्ये लेटी कॉटिनची आई गेली, तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. शोकाच्या त्या दिवसांतल्या एका संध्याकाळी घर माणसांनी भरलेलं होतं, पण पुरुष नऊच. लेटीला हिब्रू वाचता येत होतं, मुलगी धर्मात जाणती झाल्याचा विधी, बात मित्झ्वाह, तिचा झाला होता. तिनं वडिलांना विनवलं, मला दहावी धरा. वडिलांनी सिनेगॉगला, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळाला, फोन लावून दहावा पुरुष मागवला. येणारा तिच्या आईला ओळखतो का, हे कुणी विचारायचं कारणच नव्हतं.

पुढची कित्येक वर्षं ती धर्मापासून दूर राहिली. हीच लेटी कॉटिन पोग्रेबिन पुढे ‘मिझ’ (Ms.) या स्त्रीवादी मासिकाच्या संस्थापक संपादकांपैकी एक झाली.

अमेरिकेतल्या स्त्री-चळवळीच्या आघाडीवर इतक्या ज्यू स्त्रिया का होत्या, याची उत्तरं शिक्षणात, स्थलांतरितांच्या कष्टांत, वाद घालण्याच्या परंपरेत शोधली जातात. ती खरीच आहेत. पण मला वाटतं, ज्या घरानं न्याय शिकवला त्याच घरानं मोजताना वगळलं, हा सल त्याहून खोल होता. परक्यानं दार लावलं तर माणूस दुसरं दार शोधतो. आपल्याच माणसानं, तेही आईच्या शोकाच्या दिवसांत लावलं, तर काय करायचं?

दार तोडायचं नाही, उघडायला लावायचं, असं काहींनी ठरवलं. १९७२ मध्ये ‘एझरात नाशिम’ या गटातल्या तरुण स्त्रिया ज्यू धर्मातल्या कन्झर्व्हेटिव्ह पंथाच्या रब्बींच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, अधिवेशनात मागण्या घेऊन गेल्या. आम्हाला मिन्यानमध्ये धरा, ही त्यातलीच एक. पुढच्याच वर्षी त्या पंथाच्या धर्मशास्त्र समितीनं तशी मुभा दिली. परंपरानिष्ठ ऑर्थोडॉक्स सिनेगॉगमध्ये मात्र आजही सहसा पुरुषच मोजले जातात. सिनेगॉगबाहेरही सगळं सुरळीत नव्हतं. १९८२ मध्ये पोग्रेबिनना स्त्री-चळवळीतल्याच ज्यूद्वेषावर दीर्घ लेख लिहावा लागला. घरात बाई म्हणून वगळलेलीला चळवळीत ज्यू म्हणून उपरं वाटावं, याचं मला फार वाईट वाटतं.

समान वेतन, मतदान, गर्भपात हे हक्क पटकन डोळ्यांसमोर येतात. स्वतःच्या आईसाठी चारचौघांत उभं राहून प्रार्थना म्हणणं हाही हक्कच आहे. दुःख कुणाच्या नावावर जमा करायचं, हे कुणी ठरवायचं?

हा प्रश्न हेन्रिएटा सोल्ड यांनी फार आधी स्वतःपुरता सोडवला होता. हदासा ही स्त्रियांची संघटना उभारणाऱ्या सोल्ड बाल्टिमोरच्या एका रब्बींच्या कन्या. १९१६ मध्ये त्यांची आई गेली, तेव्हा एका स्नेह्यानं त्यांच्या वतीनं कद्दिश म्हणण्याची तयारी दाखवली. त्यांनी पत्रातून मनापासून आभार मानले आणि नकार कळवला. धर्मानं बायकांना घरच्या कामांमुळे काही कर्तव्यांतून सूट दिली, ती पार पाडण्याची मनाई केलेली नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. आणि आपला निर्णय आईलाही पटला असता, याची त्यांना खात्री होती. कारण वडील गेले तेव्हा घरात मुलगा नव्हता, आणि आईनं मुलींच्या जागी दुसऱ्या कुणाला उभं राहू दिलं नव्हतं.